आयर्लंडची भाषा आणि तेथील मंडळे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दर वर्षी काही ना काही लिहून देण्याचा माझा परिपाठ आहे. आजवर पाककृती दिल्या, एकदा अष्टविनायकाच्या सहलीचा वृत्तान्त दिला. यंदा चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा "इतिहासावर काही तरी लिहीन" असे मी म्हणाले खरे. पण तो इतिहास सातासमुद्रापलीकडच्या एका बेटाचा असेल, हे तेव्हा माझ्याही मनात नव्हते.

गेल्या वर्षी मी मुलीकडे डब्लिनला पाच महिने राहून आले. नात पाच वर्षांची. एके दिवशी ती शाळेतून आली आणि दारातूनच मला काही तरी म्हणाली. इंग्रजी तर नव्हते. मुलीने सांगितले, "आई, ते आयरिश आहे. 'देव तुझ्याबरोबर असो' असा अर्थ. इथल्या शाळेत सगळ्या मुलांना शिकवतात." मी कौतुकाने म्हटले, "ये गं बाळा, हातपाय धुऊन घे, तुला लाडू देते." पोरीने आईकडे पाहिले. मी काय म्हणाले हे आईने तिला इंग्रजीत सांगितले, तेव्हा कुठे ती आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या देशात रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये सर्वत्र इंग्रजीच ऐकू येते, तेथे ही दुसरी भाषा पाच वर्षांच्या परक्या मुलीच्या तोंडात कोणी घातली? दुसऱ्या दिवसापासून मी जवळच्या वाचनालयात जाऊ लागले. तेथे जे वाचले, ते भगिनींपुढे ठेवते.

आयर्लंडची मूळची भाषा आयरिश. तिला गेलिक असेही म्हणतात. पंधराशे वर्षांपूर्वीचे तिचे लेख दगडांवर कोरलेले सापडतात. इंग्रजी अंमल पक्का झाल्यावर कोर्टकचेरी, व्यापार, जमिनीचे कागद सर्व इंग्रजीत गेले. १८३१ साली सरकारने 'राष्ट्रीय शाळा' काढल्या, त्याही इंग्रजी माध्यमाच्या. पुढे १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि काही वर्षे ओळीने पीक हातचे गेले. गरिबांचे सारे अन्न बटाटाच होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. मेले ते आणि बोटीत बसले ते, यांत आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेकडील गरिबांचा भरणा मोठा होता. १८५१ च्या शिरगणतीत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख २४ हजार होते; १८९१ मध्ये ते ६ लाख ८० हजारांवर आले. चाळीस वर्षांत निम्म्याहून अधिक भाषा गेली.

पण भाषा केवळ सरकारने मारली असे म्हणणे अर्धवट होईल. त्या काळी खेड्यांतून एक चाल होती. मुलाच्या गळ्यात दोरीने एक लहानशी काठी अडकवायची. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच पाडायची, आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून तितक्या छड्या मारायच्या. ही काठी शाळेत असे, तशी घरातही असे. खाच पाडणारी पुष्कळदा आईच असे. त्या आईला स्वतःला इंग्रजी धड येत नव्हते. उद्या पोराला अमेरिकेच्या बोटीत बसायचे आहे, तेथे इंग्रजी आले नाही तर ते उपाशी मरेल, एवढेच तिला ठाऊक होते. तिला दोष देणे मला जमले नाही. त्याचे कारण मी शेवटी सांगणार आहे.

अशा स्थितीत डग्लस हाइड हा गृहस्थ पुढे आला. त्याचा जन्म १८६० चा, रॉसकॉमन परगण्यातील एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरचा. त्याच्या घरची भाषा इंग्रजी. आयरिश तो शिकला गावातील रखवालदार आणि कष्टकरी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून. पोरवयातच तो त्यांच्या गोष्टी आणि म्हणी वहीत टिपून घेत असे. २५ नोव्हेंबर १८९२ रोजी त्याने डब्लिनमध्ये एक व्याख्यान दिले. त्याचा रोख असा की, इंग्रजांचा द्वेष करायचा आणि नकलही त्यांचीच करायची, यात आपण धड एक राहिलो नाही. १८७४ साली 'निबंधमाले'तून चिपळूणकरांनी आपल्या सुशिक्षितांचे जे कान उपटले, त्यांची येथे कोणालाही आठवण व्हावी.

पुढल्या वर्षी, ३१ जुलै १८९३ रोजी, डब्लिनमधील एका खोलीत मूठभर माणसे जमली आणि 'गेलिक लीग' ही संस्था निघाली. आयरिशमधील तिचे नाव 'कोनरा ना गेल्गे'. अध्यक्ष हाइड, चिटणीस ओन मॅकनील. उद्देश दोन: जेथे ही भाषा बोलली जाते तेथे ती टिकवावी व तिचा वापर वाढवावा, आणि तिचे जुने वाङ्मय छापून नवे निर्माण करावे.

या संस्थेची कामाची रीत आपल्यासारख्या मंडळांनी पाहण्यासारखी आहे. तिची गावोगाव शाखा असे. शाखेचा आठवड्यातून एखादा संध्याकाळचा वर्ग भरे. वर्गाला येणारे दुकानातले नोकर, पोस्टातले कारकून, शिक्षिका, कामगार. युजीन ओग्राउनी नावाच्या धर्मगुरूने सोपे धडे लिहिले होते. ते आधी साप्ताहिकात आले, मग लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने घरोघर पोचले. वर्ग संपला की गाणी आणि नाच. त्यामुळे तरुण मुले-मुली हौसेने येत. खेड्यांसाठी फिरते शिक्षक नेमले. ते सायकलवर बसून पावसापाण्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जात. १८९७ पासून वार्षिक साहित्य-संगीत महोत्सव सुरू झाला. तो 'ओराख्तस' या नावाने आजही भरतो. १८९९ मध्ये संस्थेचे साप्ताहिक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'प्रकाशाची तलवार'. १९०४ च्या सुमारास शाखांची संख्या सहाशेच्या घरात गेली होती. त्याच वर्षी कॉर्क परगण्यातील बॅलिनगीरी या गावी आयरिश शिक्षकांसाठी पहिले उन्हाळी विद्यालय निघाले.

या मंडळींचे लढेही मोठे मजेचे. पोस्टात आयरिश पत्त्याची पार्सले घेत नसत. म्हणून लोक मुद्दाम आयरिश पत्ते घालून पार्सले नेऊ लागले. गाडीवर मालकाचे नाव लिहिणे कायद्याने सक्तीचे होते. डोनेगल परगण्यातील नील मॅक गिला ब्रीडे या शेतकऱ्याने ते आयरिशमध्ये लिहिले, म्हणून १९०५ साली त्याला दंड झाला. वरच्या कोर्टात त्याची बाजू मांडणारा वकील होता पॅट्रिक पिअर्स, 'प्रकाशाची तलवार'चा संपादक. खटला तो हरला. पण दंड झालेल्या गाडीची गोष्ट देशभर झाली, आणि लोक विचारू लागले, माझ्या गाडीवर माझे नाव माझ्या भाषेत का नको? राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला आयरिश सक्तीची व्हावी म्हणूनही मोठी चळवळ झाली आणि १९१३ पासून ती तशी झाली.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे स्त्रियांकडे येते. त्या काळच्या बहुतेक संस्थांत बायकांना स्थान असलेच तर ते चहापाण्यापुरते. गेलिक लीगने पहिल्यापासून स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने सभासद करून घेतले, आणि त्या कार्यकारिणीवरही निवडून येत.

अॅग्नेस ओ'फॅरेली ही कॅव्हन परगण्यातील मुलगी आयरिश शिकण्यासाठी पश्चिम समुद्रातील इनिश मान या बेटावर जाऊन राहिली. बेटावरच्या बायकांच्या तोंडची भाषा अस्सल, पण त्यांना ती लिहिता-वाचता येत नव्हती, कारण कोणी शिकवलीच नव्हती. अॅग्नेस त्यांच्याकडून बोलणे शिकली आणि तिने त्यांना अक्षरे शिकवली. या देवाणघेवाणीत गुरू कोण आणि शिष्य कोण हे सांगणे कठीण आहे. १९०१ मध्ये तिने आयरिशमध्ये कादंबरी लिहिली, आणि १९३२ मध्ये हाइड निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी डब्लिनच्या विद्यापीठात आयरिशची प्राध्यापक झाली.

मेरी बटलर हिने आयरिश स्त्रिया आणि घरची भाषा या विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि लीगने ती छापली. तिचे म्हणणे असे की, सभा आणि मिरवणुका होत राहतील, पण भाषा जगते ती चुलीपाशी, आणि चूल बाईच्या ताब्यात आहे. घराबाहेर व्याख्याने देणे जिला आवडत नाही, तिनेही घरात बसून करण्यासारखे हे काम आहे. आज वाचताना त्यातील काही भाग जुनाट वाटतो. बाईला पुन्हा घरातच बसवले की काय, असे वाटते. पण मुद्दा खोटा नाही.

शिनेड फ्लॅनगन ही डब्लिनमध्ये आयरिश शिकवीत असे. १९०८ मध्ये तिच्या वर्गात एक उंच, सडपातळ गणिताचा शिक्षक नाव घालून गेला. तो एमन डी व्हॅलेरा. १९१० मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे तो पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाला. तिने मुलांसाठी आयरिशमध्ये नाटुकली व गोष्टी लिहिल्या.

येथेच आणखी एका आयरिश बाईंची आठवण काढणे उचित होईल. मार्गारेट कझिन्स या हाइडच्याच रॉसकॉमन परगण्यातल्या. त्यांचे कार्य भाषेचे नसून स्त्रियांच्या हक्कांचे. त्या १९१५ मध्ये हिंदुस्थानात आल्या, आणि त्यांच्या खटपटीतून अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये भरले ते आपल्या पुण्यात. महिला मंडळे काढण्याचा उत्साह ज्या काळात आपल्याकडे पसरला, त्यात त्या बेटाचाही थोडा वाटा आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. लीग राजकारणापासून अलिप्त राहावी, कॅथलिक-प्रॉटेस्टंट सर्वांना तिच्यात बसता यावे, हा हाइडचा आग्रह. १९१५ च्या अधिवेशनात स्वातंत्र्याचे ध्येय संस्थेच्या उद्देशात घातले गेले आणि हाइडने अध्यक्षपद सोडले. १९१६ च्या उठावात पिअर्स पुढारी होता. त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १९१९ मध्ये सरकारने लीगवर बंदी घातली. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले आणि राज्यघटनेत आयरिश ही राष्ट्रभाषा ठरली. शाळांत ती सक्तीची झाली. १९३८ मध्ये हाइड देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

एवढे वाचून मला वाटले, जिंकली लढाई. पण पुढचे पान उलटले आणि थबकले. स्वराज्य आले त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत लीगच्या शेकडो शाखा मिटल्या! लोकांना वाटले, आता आपले सरकार आहे, सरकारच भाषा सांभाळील. आपण संध्याकाळचा वर्ग कशाला चालवायचा? सरकारने शाळेत भाषा शिकवली. मुले चौदा वर्षे ती शिकली, परीक्षा पास झाली आणि घरी येऊन इंग्रजीत बोलली. शाळेने भाषेचे ज्ञान दिले. भाषेला राहायला घर द्यायचे काम शाळेच्याने होण्यासारखे नव्हते.

ही चूक काही लोकांच्या ध्यानात आली आणि पुन्हा लहान-मोठी मंडळे उभी राहू लागली. १९५३ मध्ये 'गेल लिन' ही संस्था निघाली. तिने फुटबॉलच्या सामन्यांवर साप्ताहिक सोडत काढली आणि त्या पैशातून आयरिश गाण्यांच्या तबकड्या व बोलपट काढले. १९५९ मधील 'मिशे एरे' हा तिचा बोलपट फार गाजला. १९६० नंतर पालकांनी आयरिश भाषेत चालणाऱ्या बालवाड्या काढल्या. १९७३ मध्ये आयरिश माध्यमाच्या शाळांसाठी पालकांची व शिक्षकांची संघटना झाली. पश्चिमेकडील आयरिशभाषी मुलखात उन्हाळ्यात शहरातील मुले भाषा शिकायला जातात. ती मुले गावातल्या घरांत उतरतात. त्या घरच्या बाईला 'बॅन अन टी' म्हणतात. अर्थ शब्दशः 'घरची बाई', आपण म्हणू यजमानीण. तिने आठ-दहा पोरांना खाऊपिऊ घालायचे, कपड्यांची व्यवस्था पाहायची आणि त्यांच्याशी फक्त आयरिशमध्ये बोलायचे. तिच्याकडे पदवी नसते. पण आयर्लंडातील कित्येकांना विचारले तर, शाळेत शिकलेले आयरिश विसरलो आणि तिच्या स्वयंपाकघरात ऐकलेले लक्षात राहिले, असे ते सांगतात. मुलीच्या शेजारच्या आजींनी मला हेच सांगितले, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या यजमानिणीचे "जेवायला या" हे वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवले.

सर्वांत मनाला लागली ती बेलफास्टची हकीकत. बेलफास्ट उत्तर आयर्लंडात, म्हणजे आजही ब्रिटिश राज्यात. तेथे आयरिशला सरकारी आधार नव्हता. आपली मुले आयरिश बोलत वाढावीत अशी काही तरुण जोडप्यांची इच्छा होती. पण एकेकटे घर काय करणार? मूल दारात गेले की इंग्रजी. म्हणून त्यांनी ठरवले की एकमेकांशेजारीच घरे बांधायची. पैसे नव्हते. वर्गणी काढली, जमीन घेतली, पुष्कळसे बांधकाम स्वतःच्या हातांनी केले, आणि १९६९ मध्ये शॉज रोडवर पाच कुटुंबे राहायला आली. त्याच वर्षी शहरात दंगे पेटले आणि १५ ऑगस्टला एक अख्खी गल्ली जाळली गेली. त्या गल्लीचे नाव बॉम्बे स्ट्रीट! नाव वाचून मी चपापले. या भाषावेड्या मंडळींनी आपली घरे बांधताना जे कसब मिळवले होते, ते घेऊन ती बॉम्बे स्ट्रीट पुन्हा उभारण्याच्या कामाला गेली. त्यांचे ब्रीद होते, "बोलू नका, करा."

१९७१ मध्ये त्यांनी एका तयार खोक्यासारख्या खोलीत शाळा सुरू केली. पटावर मुले होती नऊ. सरकारी अनुदान मिळायला १९८४ साल उजाडले. मधली तेरा वर्षे पालकांनी घरोघर फिरून, वस्तू विकून, कार्यक्रम करून शिक्षकांचे पगार भागवले. आज उत्तर आयर्लंडात आयरिश माध्यमाच्या अनेक शाळा आहेत आणि हजारो मुले त्यांत शिकतात. त्यांचे मूळ या नऊ मुलांच्या खोलीत आहे. अलीकडे पूर्व बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट वस्तीतही आयरिशचे वर्ग भरतात. प्रॉटेस्टंट घरातल्या हाइडला हे पाहून समाधान वाटले असते.

मग भाषा वाचली का? खरे सांगायचे तर उत्तर अजून अर्धेच आहे. १ जानेवारी २००७ रोजी आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली आणि २०२२ पासून तिला तेथे पूर्ण दर्जा आहे. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या २०२२ च्या शिरगणतीत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी "आम्हाला आयरिश येते" असे लिहिले. पण ती फार चांगली येते असे म्हणणारे त्यांत दर दहांत एक. आणि शाळेबाहेर रोज बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. दर्जा आणि वापर यांतले हे अंतर आहे. आपल्या मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मंडळात आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक. आयरिशची आणि तिची स्थिती एक नाही, हे मला कळते. पण आठ कोटींतले एक घर माझे आहे, आणि त्या घरात काय झाले ते मला ठाऊक आहे.

मुलगी पहिलीत असताना शाळेच्या पालकसभेत एका बाईंनी सांगितले, "घरीही इंग्रजीतच बोलत चला." मी ते शिरसावंद्य मानले. घरात नियम केला: संध्याकाळी सहापासून जेवणापर्यंत इंग्रजी. मराठी शब्द बोलला की आठ आणे दंड, फडताळावरच्या पत्र्याच्या डब्यात. महिनाअखेरीस त्या पैशाचे आइस्क्रीम आणायचे. आम्हा सर्वांना तो खेळच वाटे. डब्लिनच्या वाचनालयात खाचा पाडलेल्या काठीबद्दल वाचले तेव्हा मला तो डबा दिसला. संध्याकाळी मुलीला हे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "आई, त्या डब्यात सगळ्यात जास्त पैसे तुझेच असायचे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण खरं सांगू, रागावले की मला अजून मराठीच येतं. हिला काहीच येत नाही. ती चूक माझी, तुझी नाही." चूक कोणाची याचा हिशेब आम्ही तेथेच सोडला. त्या रात्रीपासून नातीला झोपवताना चिऊ-काऊची गोष्ट मी मराठीतच सांगू लागले. पहिले आठ दिवस ती कंटाळली. निघायच्या आदल्या दिवशी गोष्टीत मी मुद्दाम थांबले, तर तिनेच पुढचे म्हटले, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." 'अंघोळ' म्हणताना ती अडखळली. मी दुरुस्त केले नाही.

आता मंडळापुरते. आपला शनिवारचा मुलांचा मराठी वाचनवर्ग गेली काही वर्षे रोडावत चालला आहे. या वर्षी तीनच मुले राहिली. परदेशी जाण्यापूर्वीच्या कार्यकारिणीच्या सभेत, हा वर्ग बंद करून ती खोली भाड्याने द्यावी, अशी सूचना मीच मांडली होती, आणि तिच्यावरचा निर्णय पुढील सभेवर ढकलला होता. ती सूचना मी मागे घेत आहे. खोलीच्या भाड्याचे पैसे मंडळाला हवे आहेत, हे मी विसरले नाही. यंदाच्या दिवाळीच्या फराळाच्या विक्रीत माझा हिस्सा दुप्पट करीन. वर्ग शनिवारी चार वाजता मी घेईन. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी ती पाठवावी. ज्यांची नातवंडे दूर आहेत त्यांनी स्वतः यावे, आणि आलेल्या मुलांपैकी एकाला जवळ घेऊन गोष्ट वाचावी. सध्या तीन मुले आहेत. बेलफास्टला नऊ होती.